दिवे मालवून : घरी भयपट पाहणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की भयपट घरी पाहायचा असेल तर डोळ्यांच्या आधी कानांची सोय करा. त्यावर सोलापुरातून आणि आसपासच्या गावांतून पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते. नव्या पेठेत आमची व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हा काउंटरवर लोक हेच विचारायचे. तेव्हा मागे रांग असायची, उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागायचं. इथे तशी घाई नाही.

प्रश्न : मावशी, सगळे म्हणतात म्हणून 'महल' बघितला. होस्टेलवर, जेवण झाल्यावर, कॉटवर पडून मोबाईलवर. भीती काय वाटली नाही, उलट लई संथ वाटला. गाणं तेवढं आवडलं. यात घाबरण्यासारखं आहे तरी काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, केगाव

उत्तर : गाणं आवडलं ना, मग तिथूनच सुरुवात करू.

'महल' १९४९ चा. बॉम्बे टॉकीजचा, आणि कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. अशोक कुमार ओसाड महालात राहायला येतो, माळी त्याला आधीच्या मालकाची गोष्ट सांगतो आणि मग कुठून तरी 'आएगा आनेवाला' ऐकू येतं. या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी तालाशिवाय आहेत. लताबाईंनी मुलाखतींत सांगितलं आहे की त्या ओळी गाताना त्या मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. आवाज लांब आहे, मग थोडा जवळ, मग अगदी कानाशी. आज हे काम यंत्रावर बटण फिरवून होतं, तेव्हा गाणारीला चालावं लागलं. आता तूच बघ, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून लांबचा आणि जवळचा आवाज एकाच जागेवरून येतो. त्या प्रसंगात भीती वाटते ती कोणीतरी जवळ येतंय म्हणून, आणि नेमकं ते जवळ येणंच तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

चाल खेमचंद प्रकाशांची. गाणं देशभर गाजलं, पण ते यश त्यांना फार काळ पाहता आलं नाही, १९५० मध्ये ते गेले. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी कोण हे लोकांना ठाऊक नव्हतं. न दिसणाऱ्या बाईचा आवाज, आणि तिचं नावही माहीत नाही! त्या वर्षी रेडिओवर हे गाणं ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

कॅमेरा जोसेफ विर्शिंग यांचा. हे म्युनिकचे. १९२५ च्या 'प्रेम संन्यास'साठी भारतात आले आणि पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये रमले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना स्थानबद्धतेत ठेवलं होतं. जर्मनीतल्या मूकपटांत सावलीला पात्रासारखं वागवायची रीत होती, तीच त्यांनी मालाडच्या स्टुडिओत वापरली. झोपाळ्यावरची मधुबाला आठव. तिचा चेहरा आपल्याला किती कमी वेळ दिसतो! पडदा हातभर असेल तर त्या काळोखातले बारीक फरक पुसले जातात आणि उरतो तो नुसता काळा रंग.

तेव्हा असं कर. सुट्टीत घरी गेलास की टीव्हीवर लाव. टीव्ही नसेल तर लॅपटॉपवर, चांगले इअरफोन घालून. खोलीत अंधार कर, पाठ टेकून बस, पडून नको. पहिला अर्धा तास फोनला हात लावू नकोस. संथपणा तिथे मुद्दाम ठेवला आहे, कारण काही घडत नसलं की कान आपोआप टवकारतात.

आणि तो पटला तर पुढे 'मधुमती' (१९५८) बघ. 'महल'चं संकलन बिमल रॉय यांचं होतं, 'मधुमती'चं दिग्दर्शनही त्यांचंच. कथा ऋत्विक घटकांची, संगीत सलील चौधरींचं. वादळी रात्र, अडलेला प्रवासी, जुना वाडा, ओळखीचा वाटणारा आवाज. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कितीतरी चित्रपटांची मुळं या दोन चित्रपटांत आहेत.

प्रश्न : नवीन मोठा टीव्ही घेतला. त्यावर जुने पिक्चर लावले की माणसं जाडी दिसतात, आणि सगळं सीरियलचं शूटिंग बघितल्यासारखं वाटतं. 'तुंबाड' तर दुपारी लावला आणि निम्मा काळाच दिसला. टीव्हीच खराब आहे का?
– कापड दुकानदार, चाटी गल्ली

उत्तर : टीव्ही चांगला असणार, पण दुकानात उठून दिसावा म्हणून जे सेटिंग ठेवतात ते घरीही तसंच राहिलं आहे.

जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते. तुमचा टीव्ही ती ओढून रुंद करतो. सेटिंगमध्ये पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो असेल, तिथे ओरिजिनल किंवा ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्या, त्याच बरोबर आहेत.

सीरियलसारखं दिसतं त्याचं कारण वेगळं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतात, म्हणजे क्रिकेटमधला चेंडू गुळगुळीत पळावा. भयपटात त्यामुळे सगळं कालच्या लग्नाच्या व्हिडिओसारखं लख्ख होतं. प्रत्येक कंपनीनं या सोयीला वेगळं नाव दिलं आहे, पण मेनूत 'मोशन' हा शब्द जिथे दिसेल ते बंद करा. पिक्चर मोड 'विव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मंद वाटेल, दोन-तीन दिवसांत डोळे सरावतील.

'तुंबाड' (२०१८) दुपारी पाहायचाच नाही, निदान सोलापूरच्या उन्हाळ्यात तरी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि छायाचित्रकार पंकज कुमार यांनी तो खऱ्या पावसात, ढगाळ उजेडात चित्रित केला, त्यासाठी एकामागून एक पावसाळे घालवले. आतल्या प्रसंगांत कंदिलाएवढाच उजेड आहे. मे महिन्यातलं बाहेरचं ऊन पडद्यावर पडलं तर तो कंदील कसा दिसणार? रात्रीच पाहा. दिवसाच वेळ मिळत असेल तर खिडकीवर जाड चादर लावा, आपल्या गावात तिला काय तोटा! ऑनलाइन बघत असाल आणि इंटरनेट मंद असेल तर काळोखात चौकोनी डाग दिसतात. अशा वेळी आधी चांगल्या दर्जात डाउनलोड करून ठेवा.

आणखी एक, न विचारलेलं. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'नाईट मोड' असतो, तो मोठे आवाज लहान करतो आणि लहान मोठे. शेजाऱ्यांना बरं पडतं. पण कुजबुज आणि किंकाळी सारख्याच उंचीवर आल्या तर भयपटात राहिलं काय? त्यापेक्षा तो मोड बंद ठेवून हेडफोन लावा.

प्रश्न : ताई, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. सुट्टीत चुलत भावंडं जमली की 'भुताचं लाव' म्हणून हट्ट धरतात. सासूबाई म्हणतात, अवसेला आणि दिवेलागणीला असलं घरात लावू नये. हे म्हणतात, बघू दे, धीट होतील. माझी मधल्या मधे ओढाताण होते.
– गृहिणी, होटगी रोड

उत्तर : धीट व्हावीत म्हणून दाखवू नका. या बाबतीत मी तुमच्या यजमानांच्या विरुद्ध आहे. न पेलणारं पाहून घाबरलेलं मूल धीट होत नाही, ते फक्त भीती लपवायला शिकतं आणि रात्री आईला उठवायचीही चोरी होते.

सासूबाईंचं ऐका. दिवेलागणीची वेळ आणि अवस सोडली तर तुमचं काही बिघडत नाही, आणि घरातलं एक वडीलधारं माणूस बेचैन असताना मुलांना कसली मजा येणार? उलट आजींनाच बरोबर बसवा. त्यांच्या लहानपणीच्या विहिरीच्या, चिंचेच्या गोष्टी मुलांना कोणत्याही पडद्यापेक्षा जास्त आवडतील.

मुलांसाठी माझं नेहमीचं सांगणं मी उलटं करते. अंधार नको, दार उघडं, दुपारची जेवणं झाल्यावर, मोठ्यांच्या मधे बसून. सुरुवात सत्यजित राय यांच्या 'गुपी गाइन बाघा बाइन'पासून (१९६९) करा. भाषा बंगाली आहे, पण भुतांच्या नाचाला भाषा लागत नाही. चार तऱ्हेची भुतं दक्षिणेतल्या तालवाद्यांवर नाचतात आणि भुतांचा राजा दोघा भोळ्या मित्रांना तीन वर देतो. माझ्या भाच्यांनी तो नाच पुन्हा पुन्हा लावायला लावला होता. नंतर 'एक डाव भुताचा' (१९८२). दिलीप प्रभावळकर, अशोक सराफ, रंजना. त्यातलं भूत मैत्रीचं आहे.

'झपाटलेला' (१९९३) मात्र सात वर्षांच्या मुलाला लगेच नको. बाहुला जिवंत होतो ही कल्पना त्या वयात फार जवळून लागते, कारण बाहुली त्याच्या उशाशीच असते. आधी त्याला बोलक्या बाहुल्यांचा खेळ दाखवा. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि चालवला, आणि अर्धवटराव घडवणारे य. के. पाध्ये हे त्यांचे वडील. आधी अर्धवटरावाशी ओळख होऊ द्या, ओठ कोण हलवतं, मान कशी वळते ते मुलांना कळू द्या. मग तात्या विंचू आला की मूल घाबरेलही आणि मागचा हातही शोधेल.

पाहताना मूल एकदम गप्प झालं, तर बंद करा. ओरडणारं मूल मजेत असतं, गप्प झालेल्याकडे लक्ष द्यावं. 'शेवट बघून घे म्हणजे भीती जाईल' असं म्हणू नका.

प्रश्न : आम्ही पॉवरलूमला होतो, आता रिटायर. 'झी हॉरर शो' केबलवरनं रेकॉर्ड केलेल्या लई कॅसेटी माळ्यावर हायत, रामसे बंधूंचे पिक्चर पण. परवा काढल्या तर आत पांढरी बुरशी. मुलगा म्हणतोय फेकून द्या. काय करावं?
– अशोक चौक

उत्तर : फेकू नका! आणि व्हीसीआरमध्ये घालूही नका.

तो पांढरा थर म्हणजे टेपवर वाढलेली बुरशी. तशी कॅसेट चालवली की ती व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर आणि हेडवर बसते, आणि नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. टेप चिकटलेली असली तर तुटते. आमच्या लायब्ररीत पावसाळ्यानंतर कॅसेटची खिडकी उजेडात धरून प्रत्येक रीळ तपासायचा शिरस्ता होता. तुम्हीही तसंच करा. बुरशीच्या आणि चांगल्या कॅसेटी वेगळ्या करा, वेगळ्या खोक्यांत, वेगळ्या खोलीत ठेवा. हाताळताना तोंडाला रुमाल बांधा, कारण ती धूळ छातीला वाईट. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते, तिथून सगळं खाली आणा, पुस्तकांसारख्या उभ्या रचा, गच्चीखालच्या भिंतीला टेकवू नका. बुरशीच्या टेपा साफ करायचं काम जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांपैकी कोणी अजून करत असेल तर त्याच्याकडेच द्या, घरी कापसानं पुसायला जाऊ नका.

चांगल्या असतील त्या आधी संगणकावर उतरवून घ्या, आणि हे लवकर करा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत त्या जुन्याच यंत्रांवर भागवायचं आहे. विकतच्या पिक्चरच्या कॅसेटी शेवटी घ्या. 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०) हे दुसरीकडे मिळतात. तुम्ही स्वतः टीव्हीवरून घेतलेलं पहिलं. त्यातल्या जाहिरातीही कापू नका. त्या रात्री घराघरांत नेमकं काय दिसत होतं, ते तुमच्या माळ्यावरच्या टेपेत आहे आणि कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल.

'झी हॉरर शो' १९९३ मध्ये सुरू झाला. झी टीव्ही सुरू होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं किंवा जेमतेम झालं असेल, आणि गावोगाव गच्च्यांवरून केबलच्या वायरी नुकत्याच ओढल्या जात होत्या. तुळशी आणि श्याम रामसे यांनी थिएटरातलं भूत उचलून बैठकीच्या खोलीत आणलं. शेवटच्या खेळाला एकट्यानं जाणारे पुरुष जे बघायचे ते आता आजी, सुना, पोरं एका चादरीत बसून बघू लागली. मला हा फार मोठा बदल वाटतो, आणि त्याबद्दल पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

रामसेंना लोक हसतात, ते मला सोसत नाही. सात भाऊ. कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, अर्जुन संकलनावर, तुळशी आणि श्याम दिग्दर्शनाला. तुम्ही पॉवरलूमला होतात म्हणून सांगते, एक कांड्या भरतोय, एक माग चालवतोय, बायका घड्या घालताहेत, तसं हे घर चालायचं. थोड्या पैशात, भाड्याच्या हवेलीत, अनिरुद्ध अग्रवालसारख्या उंच माणसाला तासन्‌तास मेकअप करून त्यांनी 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी उभा केला. तो सामरी लहानपणी बघितलेला माणूस आजही त्याचं नाव काढलं की सावरून बसतो. किरण रामसेंच्या आवाजाच्या कामाकडे यावेळी नीट लक्ष द्या, दाराच्या करकरीच्या आधी किती शांतता ठेवली आहे ते ऐका.

प्रश्न : महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून माणसांनी आयुष्यं वेचली. तुम्ही मात्र भुताखेतांचे चित्रपट कौतुकानं सांगता. यानं अंधश्रद्धा वाढते असं वाटत नाही का?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्याच्या बाजूनं मी आहे, आणि भयपटांच्याही. यात मला विरोध दिसत नाही, पण सगळे भयपट एका मापानं मोजायलाही मी तयार नाही.

'महल', 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) हे तिन्ही शेवटपर्यंत पाहा. पांढऱ्या साडीतली बाई, धुकं, रात्रीचं गाणं, सगळं आहे, आणि तिन्हींचा उलगडा माणसाच्या करणीत होतो. भुताच्या गोष्टीमागे कोणाचा तरी स्वार्थ, सूड किंवा दुःख असतं, हे शिकवायला याहून चांगला धडा कुठला? आपल्या मराठीतही नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी भय लिहिलं ते माणसाच्या मनात शिरण्यासाठी. मतकरींची टीव्हीवरची 'गहिरे पाणी' ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावं लागणार नाही. 'तुंबाड'मध्ये तर खरा राक्षस हाव आहे.

तुमचा राग मला जिथे पूर्ण पटतो ते ठिकाण वेगळं आहे. काही मालिकांत घरातली एकटी, विधवा किंवा मूल नसलेली बाई ही चेटकीण ठरते, तिनं लिंबू आणि काळी बाहुली पुरलेली असते, आणि मांत्रिक येऊन तिला झोडपतो तेव्हा संगीत विजयाचं वाजतं. हे मी पाहत नाही आणि कोणाला पाहा म्हणून सांगत नाही. अशा बायकांना खऱ्या गावांत खरी मारहाण झाली आहे. काल्पनिक भूत दाखवणं आणि जिवंत बाईवर बोट रोखणं, यांत फार मोठं अंतर आहे. वर्गात हा विषय निघाला तर मुलांना 'बीस साल बाद' दाखवा, मध्यंतराला थांबवून विचारा, कोण असेल? माझी खात्री आहे, निम्मी मुलं भुताऐवजी माणसाचं नाव घेतील.

प्रश्न : आमच्या घरात आई तेलुगू बोलते, बायको विजयपूरकडची म्हणून कन्नड, मी आणि पोरं मराठी-हिंदी. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा एखादा भयपट आहे का?
– विणकर कुटुंब, दत्त नगर

उत्तर : तुमच्या घरासाठीच जणू एक गोष्ट चार-पाच भाषांत फिरली आहे. मूळ मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३), फाझिल यांचा. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुना वाडा, कुलूपबंद खोली, तिथली मेलेली नर्तकी, आणि त्या खोलीचं वेड घेतलेली घरातली सून. कन्नडमध्ये तो 'आप्तमित्र' (२००४) झाला. त्यातली सौंदर्या प्रदर्शनाच्या काही महिने आधी विमान अपघातात गेली, त्यामुळे तिचं शेवटचं नृत्य पाहताना मला नेहमी गलबलून येतं. मग रजनीकांतचा 'चंद्रमुखी' (२००५), तो तेलुगूत डब झाला. हिंदीत 'भूलभुलैया' (२००७), विद्या बालन.

एकेका रविवारी एकेक भाषा घ्या. गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाल्यावर भाषा न कळणाऱ्याचंही अडत नाही, उलट कोणती नर्तिका जास्त भेदक यावर जेवणापर्यंत वाद चालेल. माझं मत शोभनाला. आणि आईंसाठी आणखी एक : रामगोपाल वर्मांचा 'रात' (१९९२) तेलुगूत 'रात्री' नावानं आहे, दोन्हींत रेवती. तो मात्र मुलं झोपल्यावर.

प्रश्न : परदेशी जुने भयपट पाहायची इच्छा आहे. कृष्णधवल, मूक, इंग्रजी उच्चार न कळणारे. कुठून सुरू करू?
– बँकेतून निवृत्त, रेल्वे लाईन्स

उत्तर : मूकपटापासूनच करा, म्हणजे उच्चारांचा प्रश्नच नाही. मुर्नाऊ यांचा 'नॉस्फेराटू' (१९२२). 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता केला म्हणून तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीनं खटला भरला, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. त्यांवरूनच आज तो आपल्याला दिसतो. मात्र प्रत निवडताना एक बघा. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग द्यायचे. रंग न दिलेली प्रत घेतलीत तर रक्तपिपासू काउंट भर उन्हात शवपेटी काखेत घेऊन हिंडताना दिसेल आणि सगळा परिणाम जाईल. निळ्या-पिवळ्या छटांची, दुरुस्त केलेली प्रत शोधा.

मग 'कॅट पीपल' (१९४२). निर्माते व्हाल ल्यूटन यांच्या हातात पैसे थोडे, म्हणून प्राणी जवळजवळ दाखवलाच नाही. रात्री पोहण्याच्या तलावात एकटी बाई, भिंतीवर पाण्याची थरथर आणि कुठून तरी गुरगुर. दुसऱ्या एका प्रसंगात ओसाड रस्त्यावर दोन बायकांच्या टाचांचा आवाज येत असतो, मग एकीचा थांबतो. पुढे काय होतं ते सांगणार नाही, आवाज मात्र कमी करू नका. ल्यूटन यांच्याकडेच दिग्दर्शनाची सुरुवात केलेल्या रॉबर्ट वाइज यांनी पुढे 'द हाँटिंग' (१९६३) केला. त्यात भूत एकदाही दिसत नाही. दारावर थापा पडतात, दार आत फुगतं, दोघी बायका पलंगावर एकमेकींना धरून बसलेल्या असतात, बस्स. माझ्या मते घरी बसून, रात्री, एकट्यानं पाहण्यासाठी याच्या तोडीचा दुसरा नाही.

'द इनोसंट्स' (१९६१) सुरू होतो तेव्हा पडदा पूर्ण काळा असतो आणि लहान मुलीचं गाणं ऐकू येतं. टीव्ही बिघडला समजून उठू नका आणि पुढेही सरकवू नका, चित्रपट सुरू झालेला असतो. 'सायको' (१९६०) तुम्ही पाहिलाच असेल. पुन्हा पाहा, पण यावेळी बर्नार्ड हर्मन यांच्या संगीताकडे कान ठेवून. सगळी तंतुवाद्यं, ढोल नाही, तुतारी नाही.

'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) फुकट आणि कायदेशीर मिळतो. वितरकानं नाव बदललं तेव्हा पडद्यावरची हक्काची सूचना टाकायची राहून गेली आणि अमेरिकेत चित्रपटाचा स्वामित्वहक्कच उरला नाही. म्हणून त्याच्या वाईट प्रतीही पुष्कळ आहेत, दोन-तीन उघडून स्वच्छ असेल ती घ्या. उच्चारांसाठी इंग्रजीच सबटायटल लावा, चार-पाच चित्रपटांत कान बसेल. लांब बसवत नसेल तर 'द ट्वायलाइट झोन' (१९५९ ते १९६४) ही मालिका घ्या, बहुतेक भाग अर्ध्या तासाचे.

प्रश्न : बाई, मी एकटीच राहते. मुलगा पुण्याला. 'रात्रीस खेळ चाले'चे जुने भाग रात्री पुन्हा बघते, अण्णा नाईक आवडतात. पण भीतीचा प्रसंग आला की आवाज बंद करते आणि नुसतं बघते. शेजारीण हसते. तुम्ही तर आवाज महत्त्वाचा म्हणता.
– सिद्धेश्वर पेठ

उत्तर : खुशाल बंद करा! भीती आवाजात असते हे तुम्ही मला न वाचताच ओळखलं आहे. रिमोट तुमच्या हातात आहे, आणि किती घाबरायचं हे घरी बसून पाहणाऱ्यानं स्वतः ठरवावं. थिएटरात ही सोय नव्हती.

मालिका २०१६ ची पाहा किंवा २०१९ ची, २०१९ च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंतपणी जास्त भीतिदायक आहेत, आणि तिथे आवाज बंद केलात तर त्यांचं बोलणं हुकेल. त्या प्रसंगांत आवाज अर्धा ठेवून पाहा. वेळ थोडी अलीकडे घ्या, सातच्या सुमारास, शेजारणीला चहाला बोलावून. हसते म्हणजे तिलाही बघायचं असणार. रात्री झोपण्याआधी शेवटचा भाग भीतीचा नको, त्यानंतर एखादं जुनं गाणं लावून टीव्ही बंद करा. 'आएगा आनेवाला' मात्र नको.